हिवाळा हा साठवणीचा ऋतू : चिनी परंपरागत वैद्यक आणि आपली ज्येष्ठ मंडळी

डिसेंबर सरत आला की महाबळेश्वरी वेण्णा तलावाच्या काठी आणि लिंगमळ्याच्या परिसरात पहाटेचे दव गोठू लागते. गवतावर, स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवर आणि रात्रभर उघड्यावर उभ्या राहिलेल्या मोटारींच्या टपांवर पांढरी साय धरते. पर्यटकांना हे दृश्य लोभस वाटते. मात्र समुद्रसपाटीपासून सुमारे १३७० मीटर उंचीवर वसलेल्या या गावात बारमाही राहणाऱ्या वयोवृद्धांसाठी हेच दोन-अडीच महिने वर्षातील कसोटीचे असतात. एरवी आटोक्यात असलेला रक्तदाब वर सरकतो, दम्याची धाप वाढते, गुडघे आखडतात आणि रात्री लघवीस उठताना तोल जाऊन पडण्याचे प्रसंग घडतात.

गेल्या काही वर्षांत या तक्रारींच्या जोडीला एक नवा प्रश्न दवाखान्यात ऐकू येतो. परदेशी असलेला मुलगा किंवा भाचा सुट्टीस येताना एखादी डबी आणतो, किंवा मोबाइलवर कोणीतरी चित्रफीत पाठवतो, आणि आजोबा विचारतात, ‘डॉक्टरसाहेब, थंडीसाठी हे चिनी औषध म्हणे फार गुणकारी आहे. घेऊ का?’ या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दात उत्तर देणे अन्यायाचे होईल. चिनी परंपरागत वैद्यकात हिवाळ्यासंबंधी पुष्कळ शहाणपण आहे. त्यातील काही आपल्या आजीच्या सांगण्याशी थेट जुळते. परंतु त्यातील काही औषधे वृद्ध शरीरास निःसंशय घातक ठरू शकतात. यातील काय घ्यावे आणि काय दूर ठेवावे, याचा विचार या लेखात करू.

चीनशी आपले जुने नाते

महाबळेश्वर आणि चीन यांचा संबंध ऐकून नवल वाटेल. पण येथील ‘चायनामन’ धबधब्याचे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिशांनी चिनी आणि मलायी कैद्यांना या थंड गावी आणून ठेवले होते. त्या कैद्यांनी येथे बटाटे व विलायती भाज्यांचे मळे पिकवले, वेताच्या टोपल्या आणि खुर्च्या विणल्या. १८६४ च्या सुमारास तो तुरुंग बंद झाला. परंतु त्यांच्या मळ्यांची आठवण धबधब्याच्या नावात राहिली.

दुसरा धागा वैद्यकाचा आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून युद्धग्रस्त चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच निवर्तले. त्या पाच जणांच्या पथकात नागपूरचे डॉ. मोरेश्वर चोळकर आणि बंगालचे डॉ. विजयकुमार बसू हेही होते. याच डॉ. बसूंनी पुढे चीनमध्ये ॲक्युपंक्चर शिकून ते भारतात रुजवले. २०१९ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ॲक्युपंक्चरला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. तेव्हा ही विद्या आपल्यास अगदीच परकी नाही. तिच्याकडे आंधळ्या भक्तीने पाहू नये, आणि तुच्छतेनेही पाहू नये.

हिवाळा म्हणजे साठवण

चिनी वैद्यकाचा आद्य ग्रंथ ‘हुआंगदी नेइजिंग’ दोन हजार वर्षांहून थोडाफार अलीकडचा वा पलीकडचा मानला जातो. त्यात चार ऋतूंची चार कामे सांगितली आहेत : वसंतात उगवणे, ग्रीष्मात वाढणे, शरदात गोळा करणे आणि हिवाळ्यात साठवणे. बी जसे जमिनीत स्वस्थ पडून राहते, तसे माणसाने या ऋतूत आपली ऊब आणि शक्ती आत राखावी, घाम गाळून ती उधळू नये, असा त्याचा आशय. चिनी पंचांगाप्रमाणे हा हिवाळा ७ नोव्हेंबरच्या आसपास सुरू होतो आणि २१ किंवा २२ डिसेंबरच्या सर्वांत लहान दिवशी, ज्याला ते ‘दोंगझ’ म्हणतात, घरोघरी गरम पदार्थांची मेजवानी होते.

आपल्या आयुर्वेदाची हेमंत आणि शिशिर ऋतूंची चर्या पाहिली तर साम्य आणि भेद दोन्ही दिसतात. थंडीत जठराग्नी प्रदीप्त होतो, म्हणून स्निग्ध, पौष्टिक आहार घ्यावा आणि अंगास तेल लावावे, हे आयुर्वेद सांगतो. तो व्यायामासही प्रोत्साहन देतो. चिनी परंपरा मात्र विश्रांतीवर अधिक भर देते. तरुणाने आयुर्वेदाचे ऐकावे. पंचाहत्तरी ओलांडलेल्या, हृदयविकार असलेल्या व्यक्तीने चिनी सल्ल्याकडे थोडे झुकावे, असे माझे मत आहे.

पहाट की सूर्योदय?

याच ग्रंथात हिवाळ्यासाठी एक स्पष्ट सूचना आहे : लवकर निजावे, उशिरा उठावे आणि सूर्यप्रकाशाची वाट पाहावी. आपल्या संस्कारात वाढलेल्या ज्येष्ठांना हे रुचणे कठीण. पहाटे उठणे, गार पाण्याने स्नान आणि अंधारातच फिरावयास जाणे यात त्यांनी आयुष्यभर पुण्य आणि आरोग्य दोन्ही पाहिलेले असते. त्या शिस्तीबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, की सत्तरीनंतर थंडीच्या दिवसांत ही शिस्त थोडी सैल करावी.

कारण असे. थंडी लागताच त्वचेखालील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्तदाब वाढतो. पहाटेच्या वेळी शरीरातील संप्रेरकांमुळे तो मुळातच चढत असतो. रक्तही थंडीत किंचित दाट होते. या साऱ्याचा भार हृदयावर आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांवर पडतो. हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात हिवाळ्यात अधिक दिसतात, ते यामुळेच. थंड, कोरडी हवा श्वासनलिकांना आवळते, म्हणून दमेकऱ्यांसही पहाटेचे फिरणे सोसत नाही. सूर्य वर येऊन अंगणात ऊन पसरल्यावर, साधारण साडेआठ-नऊनंतर फिरावयास निघावे. उठताना आधी अंथरुणातच हातपाय हलवावेत, मग दोन मिनिटे काठावर बसावे, आणि मगच उभे राहावे. स्नान कोमट पाण्याने, दार-खिडकी लावून, शक्यतो न्याहारीनंतर करावे.

मूत्रपिंड आणि रात्रीची फेरी

चिनी वैद्यक प्रत्येक ऋतूस एक अवयव नेमून देते. हिवाळ्याचे तत्त्व जल आणि अवयव मूत्रपिंड. मात्र त्यांचे ‘मूत्रपिंड’ म्हणजे आपण सोनोग्राफीत पाहतो तो अवयव एवढाच अर्थ नाही. अस्थी, दात, कानांची श्रवणशक्ती, लघवीवरील ताबा आणि उतारवयातील एकूण शिल्लक बळ, हे सर्व ते या एका शब्दात गुंफतात. म्हणून ‘तुमचे मूत्रपिंड दुर्बल आहे’ असे एखाद्या चिनी चिकित्सकाने सांगितले तर घाबरून जाऊ नये. आणि उलट, क्रिएटिनिन वाढले असता केवळ त्यांच्या काढ्यावरही विसंबू नये.

तरीही थंडी आणि लघवी यांचा संबंध त्यांनी अचूक टिपला आहे. त्वचेतील रक्त आत वळले की शरीराला आत पाणी जास्त झाल्यासारखे भासते आणि मूत्रपिंडे ते बाहेर टाकतात. त्यामुळे थंडीत लघवीस वारंवार होते. मग आपले ज्येष्ठ ‘रात्री उठावे लागते’ म्हणून पाणीच पिणे सोडतात. परिणामी मलावरोध, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग आणि भोवळ मागे लागते. पाणी कमी करू नये, त्याची वेळ बदलावी. दिवसभरात थर्मासमधून थोडे थोडे कोमट पाणी घ्यावे आणि निजण्यापूर्वी दोन तास थांबावे. हृदय वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे डॉक्टरांनी पाण्याचे प्रमाण ठरवून दिले असेल तर तेच पाळावे. पलंगापासून संडासापर्यंत मंद दिवा रात्रभर जळू द्यावा, वाटेतील सतरंजी उचलावी आणि पलंगाशी न घसरणारी चप्पल ठेवावी. मांडीचे हाड मोडल्यानंतरचे महिने ज्या घराने पाहिले आहेत, त्या घरास या दिव्याचे मोल सांगावे लागत नाही.

मान, कान आणि तळपाय

चिनी वैद्य वाऱ्याला रोगांचा अग्रदूत मानतात. मानेच्या मागे, केसांच्या कडेशी असलेल्या खळग्यांना त्यांनी ‘फेंग ची’ म्हणजे वाऱ्याचे तळे असे नाव दिले आहे आणि तो भाग झाकून ठेवण्यावर त्यांचा कटाक्ष असतो. ‘कानात वारं शिरेल, कानटोपी घाल’ असे सांगणाऱ्या आपल्या आजीचे म्हणणे वेगळे ते काय? सर्दी विषाणूंमुळे होते, वाऱ्यामुळे नव्हे, हे खरे. परंतु नाकातोंडावरून मफलर घेतला तर आत जाणारी हवा उबदार आणि ओलसर होते, आणि त्याचा लाभ दमा व हृदयशूळ असणाऱ्यांना निश्चित होतो.

तळपायाच्या मध्यभागी त्यांचा ‘योंग च्युआन’ नावाचा बिंदू आहे. निजण्यापूर्वी तो चोळावा, असे ते सांगतात. आपल्याकडे काशाच्या वाटीने तेल किंवा तूप लावून तळपाय घासण्याची प्रथा आहेच. नातवंडाने दहा मिनिटे आजोबांचे पाय चोळून दिले तर झोप चांगली लागते. त्यात बिंदूचा वाटा किती आणि स्पर्शाचा किती, याचा हिशेब मांडण्याची गरज नाही. तेल लावल्यावर मोजे घातल्याशिवाय फरशीवर पाऊल टाकू नये, एवढे मात्र पाहावे.

गरम पाण्यात पाय बुडवून बसण्याचीही चीनमध्ये मोठी परंपरा आहे. ती जरूर पाळावी, पण मधुमेह्यांनी विशेष सावधगिरीने. मधुमेहात तळपायांची संवेदना बोथट होते आणि कातडी भाजली तरी कळत नाही. म्हणून पाण्याची ऊब सांभाळणाऱ्या व्यक्तीने आपल्या कोपराने तपासावी, दहा ते पंधरा मिनिटांपेक्षा अधिक वेळ बसू नये, आणि नंतर बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसाव्यात. पायावर जखम असल्यास हा उपचार टाळावा. गरम पाण्याच्या पिशवीबाबतही हीच काळजी घ्यावी.

ताटातील ऊब

हिवाळ्यात चिनी घरांत काळे तीळ, अक्रोड, काळ्या सोयाबिया, लाल खजूर, आले आणि दीर्घकाळ शिजवलेली सूप यांना मान असतो. आपल्या ताटात याची उत्तम प्रतिरूपे आहेत. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, आपल्याच जिल्ह्यातील घेवड्याची उसळ, कुळथाचे कढण, खारीक, आणि संक्रांतीचा तिळगूळ. त्यासाठी परदेशी डबीची वाट पाहण्याचे कारण नाही. दात नसलेल्यांसाठी चिनी पद्धतीची पातळ भाताची पेज फार सोयीची. तिच्यात आले, मुगाची डाळ आणि थोडे तूप घातले की आजाऱ्यासही पचते.

सर्दीच्या पहिल्या दिवशी चीनमध्ये आले आणि लाल साखरेचा काढा देतात. आपण आले-गुळाचा घेतो. घसा शेकतो, बरे वाटते; एवढ्यासाठी तो जरूर घ्यावा. मधुमेह्यांनी गूळ वगळावा, तिळगुळाची वडी मोजून खावी आणि च्यवनप्राशातही साखर असते हे विसरू नये. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी कडधान्ये, सुकामेवा आणि खजूर यांचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

रेशमी आठ हालचाली

‘बादुआनजिन’ म्हणजे जरीच्या आठ तुकड्यांसारख्या आठ हालचाली. चीनमधील वृद्ध बागेत उभे राहून त्या संथपणे करतात. त्यातील तीन आपल्याकडील ज्येष्ठांना सहज जमण्याजोग्या आहेत. पहिली, दोन्ही हात सावकाश वर नेऊन आकाशास टेकू दिल्यासारखे करणे आणि श्वास सोडत खाली आणणे. दुसरी, खांदे न हलवता मान सावकाश डावीकडे आणि उजवीकडे वळवून मागे पाहणे. मानेचा त्रास किंवा चक्कर असणाऱ्यांनी ही वगळावी. तिसरी, टाचा सात वेळा उचलून खाली टेकवणे. मूळ प्रकारात टाचा किंचित आपटतात; हाडे ठिसूळ असलेल्यांनी मात्र त्या अलगद टेकवाव्यात. जड खुर्चीची पाठ धरून, उन्हात उभे राहून, सकाळी दहा मिनिटे पुरेत.

याच कुळातील ‘ताय ची’ या व्यायामाचा वृद्धांवर बराच अभ्यास झाला आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात, ताय ची करणाऱ्यांमध्ये पडणाऱ्यांची संख्या सुमारे एक पंचमांशाने कमी असल्याचे दिसले. पुरावा अगदी भक्कम नाही, तरी धोका नगण्य असलेल्या उपायासाठी तो पुरेसा आहे.

पुडीतील औषधे : येथे थांबावे

चिनी वनौषधी निरुपयोगी आहेत, असे कोणी म्हणू नये. ‘चिंगहाओ’ या आपल्या दवण्याच्या कुळातील वनस्पतीपासून तू यूयू या चिनी संशोधक महिलेने हिवतापावरील आर्टेमिसिनिन वेगळे केले; त्यासाठी त्यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. चौथ्या शतकातील एका जुन्या चिनी ग्रंथातून त्यांना दिशा सापडली होती. परंतु ते औषध रुग्णापर्यंत पोहोचले ते घटक वेगळा करून, मात्रा ठरवून आणि चाचण्या घेऊन. कुरिअरने आलेल्या अनोळखी पुडीवर असे कोणतेही संस्कार झालेले नसतात.

पुढील चार गोष्टी विशेष ध्यानात ठेवाव्यात.

पहिली, ‘मा हुआंग’. थंडी-पडशावर चीनमध्ये शतकानुशतके वापरात असलेल्या या वनस्पतीत एफेड्रिन असते. ते रक्तदाब आणि हृदयाचे ठोके वाढवते, तसेच प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांची लघवी अडवू शकते. अमेरिकेने २००४ मध्ये ती असलेल्या आहारपूरकांवर बंदी घातली.

दुसरी, ज्येष्ठमध. चिनी काढ्यांत ते ‘गान त्साओ’ नावाने जवळपास सर्वत्र असते आणि आपल्याही काढ्यांत पडते. घशासाठी एखादी कांडी चघळण्यास हरकत नाही. परंतु आठवडेच्या आठवडे रोज घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि रक्तातील पोटॅशियम घटते. लघवीच्या गोळ्या किंवा डिजॉक्सिन घेणाऱ्यांसाठी ही घट प्राणावर बेतू शकते.

तिसरी, रक्त पातळ ठेवणारी औषधे. वॉरफरिन किंवा ॲसिनोकोमॅरॉल घेणाऱ्यांनी ‘दान शेन’, ‘दांग ग्वेई’, जिनसेंग आणि गोजी बोरे यांपासून दूर राहावे. यांपैकी काही रक्तस्राव वाढवतात, तर काही औषधाचा प्रभाव उणावतात. हृदयाची कृत्रिम झडप बसवलेल्या माणसाच्या बाबतीत दोन्ही सारखेच धोकादायक. अशांनी कपिंग आणि जोराचे मालीशही टाळावे.

चौथी, ॲरिस्टोलोकिक आम्ल असलेल्या वनस्पती. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी बेल्जियममध्ये वजन घटवण्याच्या गोळ्यांत अशी चिनी वनस्पती गेली आणि अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे कायमची निकामी झाली. काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. ‘वनस्पतीचे औषध, त्याने काय होणार?’ या प्रश्नाचे हे उत्तर आहे.

ॲक्युपंक्चर करून घ्यायचे असल्यास नोंदणीकृत चिकित्सकाकडे जावे, सुई निर्जंतुक आणि एकदाच वापरायची आहे याची खात्री करावी, आणि आपण घेत असलेल्या सर्व गोळ्यांची यादी त्यांना दाखवावी. गुडघेदुखीत काहींना त्याने आराम पडतो. रक्तदाबाच्या वा मधुमेहाच्या गोळ्या त्यासाठी थांबवू नयेत.

सांभाळणाऱ्यांसाठी

थंडीच्या गावात सर्वांत मोठा छुपा शत्रू शेगडी हा आहे. दारे-खिडक्या लावून कोळशाची शेगडी खोलीत ठेवली की कार्बन मोनॉक्साइड वायू साचतो. त्यास रंग नाही, वास नाही. डोके दुखते, झोप येते, आणि निजलेला माणूस उठत नाही. शेगडी निजण्याच्या खोलीत ठेवू नये. न्हाणीघरातील गॅस गिझरलाही हाच नियम लागू. तो बाहेर मोकळ्या हवेत बसवावा. ऊब कपड्यांच्या दोन-तीन थरांतून आणि पांघरुणातून मिळवावी. घरातील तापमान निदान १८ अंश सेल्सिअस असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सुचवते.

रक्तदाब या दिवसांत आठवड्यातून दोनदा घरी मोजून वहीत टिपावा आणि वाढलेला दिसल्यास डॉक्टरांना कळवावे; गोळी स्वतः वाढवू नये. इन्फ्लुएन्झाची लस दरवर्षी आणि न्यूमोनियाची लस डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी. यांना पर्याय ठरेल असा काढा चीनमध्येही नाही आणि आपल्याकडेही नाही.

वृद्धांना न्यूमोनिया झाला तरी पुष्कळदा ताप येत नाही. जेवण अचानक सुटणे, बोलण्यात भ्रम, अति झोप, श्वासाची गती वाढणे, ओठ निळसर होणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. छातीत दाब, एका बाजूस लुळेपणा किंवा बोबडी वळणे, यांत सकाळ होण्याची वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. घाटातील धुके आणि सातारा वा वाईपर्यंतचे अंतर लक्षात घेता, येथे अर्धा तास फार मोठा असतो.

चिनी वैद्यकाकडून या हिवाळ्यात आपण त्याची दिनचर्या घ्यावी : वेळेवर झोप, उन्हाची सोबत, गरम अन्न, झाकलेली मान, उबदार पाय आणि संथ हालचाल. त्याच्या पुड्या मात्र तपासणीविना घरात येऊ देऊ नयेत. आणि तशी एखादी डबी आधीच कपाटात असेल, तर ती फेकण्यापूर्वी वा घेण्यापूर्वी, नेहमीच्या गोळ्यांच्या पिशवीत घालून पुढील भेटीत आपल्या डॉक्टरांसमोर ठेवावी.